वर्गवारीत राजकारण असते का? ऑनलाइन सूचींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखादी संस्था, वर्तमानपत्र किंवा चळवळ संकेतस्थळे विषयवार मांडणाऱ्या ऑनलाइन सूचीत कुठल्या दालनात टाकली गेली यावरून भांडणे होतात. अनेकांना ती क्षुल्लक वाटतात, मला वाटत नाहीत. आपण ज्या दालनात असतो त्यावरून लोक आपल्यापर्यंत पोचतात किंवा पोचत नाहीत. पुढचे प्रश्न सूची करणाऱ्यांकडून, ग्रंथालयांत काम करणाऱ्यांकडून आणि आपली नोंद चुकीच्या जागी पडली आहे असे वाटणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येतात.

आता सगळे शोधयंत्रावर शोधतात. मग सूची कुठे उरली?

जुन्या प्रकारच्या सूची जवळजवळ संपल्या, हे खरे. जेरी यांग आणि डेव्हिड फायलो यांनी १९९४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना सुरू केलेली यादी पुढे याहू झाली. याहूची ती डिरेक्टरी २०१४ च्या अखेरीस बंद पडली. १९९८ मध्ये ग्नूहू या नावाने निघालेला प्रकल्प आधी न्यूहू झाला, त्याच वर्षी नेटस्केप कंपनीने विकत घेतला आणि ओपन डिरेक्टरी प्रोजेक्ट, म्हणजेच डीमॉझ, म्हणून जगभर पसरला. त्यात काम करणारे संपादक स्वयंसेवक होते. १७ मार्च २०१७ रोजी तो बंद झाला तेव्हा त्यात ३८ लाखांहून अधिक संकेतस्थळे, १० लाखांहून अधिक वर्ग आणि सुमारे ९० भाषा होत्या. गूगलने २००० मध्ये आपली डिरेक्टरी याच माहितीवर उभी केली होती आणि ती २०११ पर्यंत चालवली. म्हणून डीमॉझमधल्या एका संपादकाचा निर्णय एका ठिकाणी थांबत नसे, तो इतर असंख्य ठिकाणी जसाच्या तसा उतरत असे.

सूची गेल्या, वर्गवारीचे काम मात्र गेले नाही. शाळेतल्या संगणकावर कोणते पान उघडेल हे ठरवणारी गाळणी वर्गवारीवरच चालते. व्हिडिओखालची ‘सरकारी निधीवर चालणारी वाहिनी’ ही पट्टी वर्गवारीच आहे. विकिपीडियाच्या पानाच्या तळाशी असणारी वर्गांची ओळही तीच. फरक एवढाच की पूर्वी निदान वर्गांचे झाड वाचकाला दिसत होते.

पण वर्ग ठरवणे ही तांत्रिक गोष्ट आहे ना? विषय पाहायचा आणि तिथे टाकायचे.

हिंदुत्वावरचे एक पुस्तक घ्या. ग्रंथालयांत पुस्तकांना विषयानुसार आकडे देणाऱ्या ड्यूई दशांश पद्धतीत ते २९४.५ मध्ये, म्हणजे हिंदू धर्मात जाऊ शकते, किंवा ३२०.५४ मध्ये, म्हणजे राष्ट्रवादात. पहिल्या जागी ते उपनिषदांच्या आणि पुराणांच्या शेजारी उभे राहते, दुसऱ्या जागी जगभरच्या राष्ट्रवादी चळवळींवरच्या अभ्यासांशेजारी. हिंदुत्व हा धर्म आहे की राजकीय विचार, यावर या देशात शंभर वर्षे वाद चालू आहे आणि ग्रंथपालाला तो वाद दुपारी चहाच्या आधी एका आकड्यात मिटवावा लागतो. त्याने कुठलाही आकडा लिहिला तरी कुणाची तरी बाजू घेतल्यासारखे होणारच.

जातिव्यवस्थेवरच्या लेखनाचेही असेच. ते २९४.५ मध्ये ठेवले तर जात हा धर्माचा भाग ठरतो. ३०५.५१२२ मध्ये ठेवले तर तो सामाजिक विषमतेचा प्रश्न ठरतो. मला दुसरी जागा योग्य वाटते, पण ती निवडताना मी एक भूमिका घेतो आहे हे मी लपवणार नाही.

म्हणजे संपादक पक्षपाती असतात?

काही असतात. डीमॉझमध्ये स्पर्धकाची नोंद दाबून ठेवल्याच्या तक्रारी होत, आणि त्यासाठी वरिष्ठ संपादकांची तक्रार-व्यवस्थाही होती. पण एका माणसाचा दुष्टपणा हा या विषयातला छोटा भाग आहे. मोठा भाग आराखड्यातच असतो. तो आराखडा हातात आल्यावर अगदी सज्जन माणूसही त्यातल्या कलाप्रमाणेच वागतो.

अमेरिकन ग्रंथपाल मेल्विल ड्यूईने १८७६ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात धर्मासाठी २०० ते २९९ असे शंभर आकडे आहेत. त्यातले २२० पासून २८९ पर्यंतचे बायबल आणि ख्रिस्ती धर्माला दिलेले. उरलेल्या जगाचे धर्म २९० मध्ये. बौद्ध, जैन, हिंदू आणि शीख हे चारही एकट्या २९४ मध्ये दशांश चिन्हानंतरचे आकडे वाटून घेतात, इस्लामला २९७ मिळतो. आपल्याकडच्या ग्रंथालयात, जिथे धर्मावरची बहुतेक पुस्तके हिंदू, बौद्ध आणि वारकरी परंपरेची असतात, तिथे या विभागातले बरेचसे आकडे रिकामे राहतात आणि एका २९४ मध्ये पुस्तकांची दाटी होते. तिथल्या ग्रंथपालाचा यात काहीही दोष नाही.

याहून कठोर उदाहरण अमेरिकेतलेच आहे. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात ग्रंथपाल डोरोथी पोर्टर १९३० पासून चाळीसहून अधिक वर्षे कृष्णवर्णीयांच्या लेखनाचा संग्रह उभा करत होत्या. त्या काळी अनेक ग्रंथालये कृष्णवर्णीय लेखकाचे कोणतेही पुस्तक ३२५ किंवा ३२६ मध्ये टाकत. ३२५ म्हणजे वसाहती आणि स्थलांतर, ३२६ म्हणजे गुलामगिरी. कवितासंग्रह असला तरी तिथेच. पोर्टर यांनी हे नाकारले. कविता कवितेत, इतिहास इतिहासात, वैद्यक वैद्यकात, अशी मांडणी त्यांनी केली. आज हे साधे वाटते. त्या काळी एका बाईने प्रचलित पद्धतीला दिलेले ते उघड आव्हान होते आणि मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे.

राज्यकर्त्यांनी आराखड्यालाच झेंडा लावल्याची उदाहरणेही आहेत. सोव्हिएत ग्रंथालयांच्या वर्गीकरणात पहिला वर्ग मार्क्सवाद-लेनिनवादाचा होता. चीनच्या ग्रंथालय वर्गीकरणात ‘ए’ हा पहिला वर्ग आजही मार्क्सवाद, लेनिनवाद, माओ आणि डेंग यांच्या विचारांचा आहे. तिथे निदान हेतू लपवलेला नाही. २२० ते २८९ मधला हेतू कुणाला जाणवत नाही, कारण तो आपल्याला ‘सर्वसामान्य’ म्हणून शिकवला गेलेला असतो.

ऑनलाइन वर्गवारीतला पक्षपात कधी सिद्ध झाला आहे का? की ती फक्त भावना असते?

झाला आहे, आणि न्यायालयात. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात कॅमडेंटन नावाच्या शाळा-जिल्ह्याने विद्यार्थ्यांच्या संगणकांवर गाळणी बसवली होती. ती संकेतस्थळांच्या एका तयार यादीवर चालत असे आणि त्या यादीत प्रत्येक संकेतस्थळाला वर्ग दिलेला होता. ‘लैंगिकता’ हा वर्ग बंद ठेवलेला, ‘धर्म’ हा वर्ग उघडा.

समलिंगी आणि पारलिंगी विद्यार्थ्यांना आधार देणारी संकेतस्थळे यादीत ‘लैंगिकता’ या वर्गात पडली होती. त्यात पालकांची संघटना पीफ्लॅग होती, मॅथ्यू शेपर्ड फाउंडेशन होते, कॅम्पस प्राइड होते. डिग्निटीयूएसए ही तर समलिंगी कॅथलिकांची संस्था, तरीही तिचे पान बंद. उलट, समलिंगी असणे हे पाप किंवा विकार आहे असे सांगणारी संकेतस्थळे ‘धर्म’ या वर्गात होती, म्हणून उघडत होती. एकाच विषयावरची दोन मते, आणि वर्गाच्या नावामुळे त्यातले एकच मुलांपर्यंत पोचत होते.

शाळेचे म्हणणे असे होते की विद्यार्थ्याने मागितले तर एखादे पान आम्ही उघडून देतो. पण शाळेत आधीच घाबरलेल्या, घरी कुणाला न सांगितलेल्या मुलाने शिक्षकांकडे जाऊन नेमके तेच पान मागायचे, ही अपेक्षाच क्रूर आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये संघीय न्यायालयाने शाळेविरुद्ध मनाई आदेश दिला. ही यंत्रणा मतांमध्ये भेद करते, असे न्यायालयाने म्हटले. त्यानंतर तडजोड झाली, शाळेने गाळणी बदलली आणि १८ महिने देखरेख मान्य केली.

हे प्रकरण मी प्रत्येक सूचीकाराला सांगतो. ‘आम्ही कुणालाही वगळले नाही, फक्त वर्ग दिला’ हे उत्तर त्यानंतर पुरेसे राहत नाही.

राजकारणी लोक वर्गवारीत प्रत्यक्ष हात घालतात का?

घालतात. अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाची, म्हणजे लायब्ररी ऑफ काँग्रेसची, विषयशीर्षके जगभरची ग्रंथालये वापरतात, भारतातलीही. कागदपत्रांशिवाय राहणाऱ्या स्थलांतरितांवरच्या पुस्तकांना तिथे ‘इल्लीगल एलियन्स’ हे शीर्षक होते. डार्टमथ कॉलेजातल्या विद्यार्थ्यांना हे शीर्षक सूचीत दिसले आणि २०१४ मध्ये त्यांनी ते बदलण्याची मागणी केली. त्यातल्या काहींसाठी तो केवळ अभ्यासाचा विषय नव्हता, त्यांच्या स्वतःच्या घरचा प्रश्न होता. आधी नकार मिळाला. मग देशातल्या ग्रंथपालांच्या संघटनेने पाठिंबा दिला आणि मार्च २०१६ मध्ये ग्रंथालयाने बदल जाहीर केला.

त्यावर प्रतिनिधीगृहातले रिपब्लिकन सदस्य संतापले. बदल रोखण्यासाठी विधेयक आणले गेले आणि ग्रंथालयाच्या अनुदानाच्या चर्चेत जुने शीर्षक राखण्याची सूचना घुसवली गेली. सूचीतले दोन शब्द संसदेच्या अर्थसंकल्पापर्यंत पोचले. प्रकरण पाच वर्षे रेंगाळले. नोव्हेंबर २०२१ मध्ये शेवटी ते शीर्षक काढून त्याच्या जागी दोन शीर्षके आली: ‘नॉनसिटिझन्स’ आणि ‘इल्लीगल इमिग्रेशन’. माणसांवरून ‘बेकायदा’ हा शिक्का निघाला, स्थलांतरावर तो राहिला. मागणी करणारे अर्धेच समाधानी झाले, विरोध करणारे अजिबात नाही.

या शीर्षकांवर आक्षेप घेण्याची परंपरा जुनी आहे. सॅनफर्ड बर्मन या ग्रंथपालाने १९७१ मध्येच ‘यलो पेरिल’ (पूर्व आशियाई लोकांना ‘पिवळे संकट’ ठरवणारे) आणि ‘ज्यूइश क्वेश्चन’ अशा शीर्षकांची झाडाझडती घेतली होती. आपल्या जवळचे उदाहरणही तिथेच आहे: ‘अनटचेबल्स’ या शीर्षकाची जागा पुढे ‘दलित्स’ने घेतली. आधीच्या शीर्षकात समाजाने लादलेली ओळख होती, नंतरच्या शीर्षकात माणसांनी स्वतः स्वीकारलेली.

वर्ग देणे आणि लेबल लावणे यात फरक आहे का?

परिणामात फारसा नाही. एप्रिल २०२३ मध्ये ट्विटरने अमेरिकेच्या एनपीआर या सार्वजनिक नभोवाणीला ‘सरकारशी संलग्न माध्यम’ असे लेबल लावले. तोवर हे लेबल रशिया आणि चीनच्या सरकारी माध्यमांसाठी होते. ट्विटरच्याच नियमावलीत असे लिहिलेले होते की संपादकीय स्वातंत्र्य असलेल्या, सरकारी पैसा घेणाऱ्या संस्था या वर्गात येत नाहीत. उदाहरण म्हणून बीबीसी आणि एनपीआर यांचीच नावे दिली होती. एनपीआरचे नाव मग तिथून काढण्यात आले. आरडाओरडा झाल्यावर लेबल ‘सरकारी निधीवर चालणारे’ असे झाले, बीबीसीलाही तसेच लागले. एनपीआरने १२ एप्रिलला तिथे लिहिणेच थांबवले. आणखी काही दिवसांनी ट्विटरने सगळीच लेबले काढली, म्हणजे रशियन आणि चिनी माध्यमांचीही.

मला यात सर्वांत गंभीर वाटते ती नियम मागाहून बदलण्याची गोष्ट. आधी वर्ग दिला, मग त्याला बसेल असा नियम केला. यूट्यूब २०१८ पासून अशाच पट्ट्या दाखवते, पण तिथे बीबीसीला ‘ब्रिटिश सार्वजनिक प्रसारण सेवा’ म्हटले जाते आणि आरटीला, २०२२ मध्ये यूट्यूबने ती वाहिनी बंद करेपर्यंत, रशियन सरकारच्या निधीवर चालणारी म्हटले जाई. हा भेद योग्य आहे की नाही यावर वाद घालता येतो, कारण निदान तो भेद आधी मांडलेला आहे.

‘सर्वसाधारण’ नावाचा वर्ग निष्पक्ष असतो का?

माझ्या मते सगळ्यांत जास्त राजकारण तिथेच असते, आणि ते कमीत कमी दिसते.

एप्रिल २०१३ मध्ये अमांडा फिलिपाची या कादंबरीकार बाईंनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिले की विकिपीडियावर ‘अमेरिकन कादंबरीकार’ या वर्गातून स्त्रियांची नावे एकेक करून काढली जात आहेत आणि ‘अमेरिकन स्त्री कादंबरीकार’ या उपवर्गात टाकली जात आहेत. पुरुष मूळ वर्गातच राहत होते. कुणी कट केला नव्हता. यादी लांबली म्हणून ती विभागायची, एवढाच काही संपादकांचा विचार होता. पण यादी विभागताना कुणाला बाजूला काढायचे हे त्यांना आपोआप सुचले, आणि तेच तर दुखणे आहे.

मराठीत हे आपण रोज पाहतो. साहित्याच्या कोणत्याही ऑनलाइन सूचीत दलित साहित्य, ग्रामीण साहित्य, आदिवासी साहित्य, स्त्रीवादी साहित्य असे वर्ग असतात. शहरी, मध्यमवर्गीय, उच्चवर्णीय लेखनाला वेगळा वर्ग नसतो, ते नुसते ‘साहित्य’ असते. याला दुसरी बाजू आहे आणि ती खरीखुरी आहे. दलित साहित्य हे नाव बाहेरून चिकटवलेले नाही. १९५८ मध्ये मुंबईत दलित साहित्य संमेलन भरले, अण्णा भाऊ साठे यांनी त्याचे उद्घाटन केले. १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली. ते नाव झगडून मिळवलेले आहे आणि ते पुसणे हाही अन्यायच होईल. म्हणून ‘दलित साहित्य’ हा वर्ग ठेवावाच, पण त्यातले कवी ‘कविता’ या वर्गातही असावेत आणि त्यातली आत्मचरित्रे ‘आत्मचरित्र’ या वर्गातही. उपवर्गात टाकले म्हणून मूळ वर्गातून काढायचे नाही. डोरोथी पोर्टर यांनी हेच तर सांगितले होते.

प्रदेश आणि भाषा यांच्या वर्गवारीत तरी राजकारण नसेल?

बेळगावच्या मराठी वाचनालयाचे संकेतस्थळ कुठल्या राज्याखाली टाकाल? १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. महाजन आयोगाने १९६७ मध्ये अहवाल दिला, तो महाराष्ट्राला मान्य झाला नाही. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. २०१४ मध्ये शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले. ‘कर्नाटक > बेळगावी’ असे लिहिले की सीमाभागातल्या मराठी माणसाला ते लागते. ‘महाराष्ट्र > बेळगाव’ असे लिहिले तर ते प्रत्यक्षाला धरून होत नाही आणि कन्नड वाचकाला ते आव्हान वाटते. माझा सल्ला असा: प्रदेशाच्या वर्गात आज ज्या राज्याचा कारभार चालतो ते राज्य लिहा, भाषेच्या वर्गात मराठी लिहा, शहराची दोन्ही नावे शोधण्याजोगी ठेवा आणि ‘प्रदेश म्हणजे सध्याचा प्रशासकीय प्रदेश’ हे नियमावलीत स्पष्ट छापा. भावना दुखावतील, पण निदान कुणाला फसवल्यासारखे होणार नाही.

कोकणीचा प्रश्न याहून नाजूक, आणि इथे मराठी सूचीकारांनीच सांभाळायला हवे. ‘मराठी > बोली > कोकणी’ असा वर्ग मराठी माणसाला सहज सुचतो. गोव्यात तो वर्ग म्हणजे एका दीर्घ लढ्यावर फिरवलेला बोळा आहे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन होण्यास नकार दिला. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली. १९८७ च्या कायद्याने ती गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ मध्ये आठव्या अनुसूचीत आली. ड्यूई पद्धतीत मात्र ती आजही ४९१.४६ खाली मराठीच्या सोबतच बसते. भाषाशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही जवळच्या आहेत, हे त्यामागचे कारण. पण ग्रंथालयाच्या आकड्यातली जवळीक आणि सूचीतला ‘बोली’ हा शिक्का या वेगळ्या गोष्टी आहेत. कोकणीला मराठीच्या बरोबरीचा, स्वतंत्र वर्ग द्या. गोव्यातल्या मराठी संकेतस्थळांना मराठीत आणि गोव्यात, दोन्हीकडे जागा द्या, कारण गोव्यातली मराठीही तितकीच खरी आहे.

आमच्यावरच अन्याय होतो असे प्रत्येक बाजूला का वाटते?

यावर एक गाजलेला अभ्यास आहे. १९८२ मध्ये बैरूतमध्ये पॅलेस्टिनी निर्वासितांची कत्तल झाली, त्याच्या दूरचित्रवाणीवरच्या बातम्या स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इस्रायल-समर्थक आणि अरब-समर्थक अशा दोन्ही गटांना दाखवल्या. बातम्या त्याच. इस्रायल-समर्थकांना त्या इस्रायलविरोधी वाटल्या, अरब-समर्थकांना इस्रायलधार्जिण्या. १९८५ मध्ये व्हॅलोन, रॉस आणि लेपर यांनी हे प्रसिद्ध केले.

यातून सूचीकार सोयीचा निष्कर्ष काढतात: दोन्हीकडून शिव्या पडतात, म्हणजे आम्ही बरोबर मध्ये आहोत. हे चूक आहे. दोन्ही बाजूंना राग आला म्हणून वर्गवारी न्याय्य ठरत नाही. कॅमडेंटनमध्ये आधार गटांची तक्रार खरी निघाली. समोरूनही कुणी तक्रार केली असती म्हणून ती खोटी झाली नसती. तक्रारी मोजून भागत नाही, त्या तपासाव्याच लागतात.

मग तपासायचे कसे?

जोड्या लावून. विषय एक, भूमिका परस्परविरोधी, आकार साधारण सारखा, अशी दोन संकेतस्थळे घ्या. धरणाच्या बाजूने काम करणारी एक संस्था आणि विस्थापितांसाठी काम करणारी एक. त्यांची नोंद किती पायऱ्या खाली आहे ते पाहा. एक ‘विकास > जलसंपदा’मध्ये आणि दुसरी ‘समाज > आंदोलने > विरोध’मध्ये असेल तर प्रश्न विचारायलाच हवा, कारण दोघांचा विषय पाणीच आहे. मग वर्णनाचे वाक्य वाचा. एकाबद्दल ‘माहिती देते’ आणि दुसऱ्याबद्दल ‘असा दावा करते’ असे क्रियापद आहे का? क्रियापदांत कल फार चटकन पकडता येतो. शेवटी नोंद मंजूर व्हायला लागलेला वेळ पाहा, तो उपलब्ध असेल तर.

एका जोडीवरून काही म्हणू नका, पाच-दहा जोड्या लागतात. आणि आपल्याला खटकलेली जोडी आधी निवडून तिथेच थांबू नका.

डावे आणि उजवे असे दोन वर्ग केले तर सोपे जाणार नाही का?

आपल्याकडे ते टिकत नाही. शरद जोशी यांची शेतकरी संघटना घ्या. रास्त भावासाठी रस्त्यावर उतरणारी, तुरुंगात जाणारी चळवळ, म्हणून डावी? सरकारी निर्बंध हटवा, बाजार खुला करा असे म्हणणारी, म्हणून उजवी? १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे प्रचंड अधिवेशन भरवणारी आणि पुढे लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमात जमीन बायकोच्या नावावर करायला सांगणारी, ती कुठे बसवायची? अमेरिकेत माध्यमांना डावे-उजवे गुण देणाऱ्या ऑलसाइड्ससारख्या सेवा आहेत. तिथल्या दोन पक्षांच्या राजकारणात त्यांचा काही उपयोग असेल. ती मोजपट्टी इथे आणून सत्यशोधक, वारकरी, आंबेडकरी आणि शेतकरी चळवळींना लावणे म्हणजे न वाचता शेरा मारणे आहे.

यंत्राकडून वर्गवारी करून घेतली तर पक्षपात जाईल?

नाही. यंत्र माणसांनी आधी दिलेल्या वर्गांवरूनच शिकते. डीमॉझची माहितीही संशोधकांनी अशा कामासाठी भरपूर वापरली. जुना कल तसाच राहतो, फक्त जाब विचारायला संपादक उरत नाही.

माझी नोंद चुकीच्या वर्गात आहे. काय लिहू?

‘तुम्ही पक्षपाती आहात’ असे लिहू नका, निदान पहिल्या पत्रात नको. सध्याचा वर्ग, तुम्हाला हवा असलेला वर्ग, आणि सूचीच्याच नियमातले कोणते वाक्य तुमच्या बाजूने आहे ते लिहा. त्याच प्रकारची पण वेगळ्या भूमिकेची दोन-तीन संकेतस्थळे कुठे आहेत ते दाखवा. आपल्या पानावर आपण स्वतःची ओळख कशी करून देतो तो मजकूर जोडा. पडद्यावरचे चित्र तारखेसह जपून ठेवा. उत्तर आले नाही तर मग जाहीर बोला.

कायद्याने काही करता येते?

थोडेच. अमेरिकेत न्यायालयांनी शोधाच्या निकालांचा क्रम लावणे हे संपादकीय मत मानले आहे. लोकशाहीवादी लेखन दडपल्याबद्दल बायदू या चिनी शोधयंत्राविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये केलेला दावा २०१४ मध्ये याच कारणाने फेटाळला गेला. कॅमडेंटन वेगळे ठरले कारण तिथे सरकारी शाळा होती. भारतात २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार मध्यस्थ, म्हणजे इतरांचा मजकूर दाखवणाऱ्या, कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमावा लागतो, तक्रारीची पोच आणि ठरलेल्या मुदतीत निकाल द्यावा लागतो. लोकांनी भरलेल्या नोंदी दाखवणारी सूची त्यात येऊ शकते. एकट्याने निवडून केलेल्या यादीला ते लावणे अवघड आहे.

आम्ही मराठी संकेतस्थळांची सूची करतो आहोत. कुठून सुरुवात करू?

रंगनाथन यांच्यापासून. १९३३ मध्ये मद्रासमध्ये त्यांनी द्विबिंदू वर्गीकरण मांडले. एका वस्तूला एकाच कप्प्यात कोंबण्याऐवजी तिचे वेगवेगळे पैलू स्वतंत्रपणे नोंदवा, हा त्याचा गाभा. सूचीत हे फार उपयोगी पडते: भाषा, प्रदेश, विषय, लेखनप्रकार, आणि हवा असेल तर विचारधारा, असे वेगळे रकाने ठेवा. नोंद एकाच जागी अडकत नाही, त्यामुळे अर्धे वाद जन्मालाच येत नाहीत.

विचारधारेचा रकाना संपादकाने भरू नये. संस्था स्वतःबद्दल जे म्हणते ते तिच्याच शब्दांत घ्यावे, आणि तिने काही म्हटले नसेल तर रकाना रिकामा ठेवावा. रकाना भरायचा तर सगळ्या बाजूंसाठी भरावा. आंबेडकरी संकेतस्थळाला तो आहे आणि मोठ्या वर्तमानपत्राला नाही, असे होऊ देऊ नका. द्वेष पसरवणाऱ्या संकेतस्थळाबद्दल विचारले जाते: ते स्वतःला ‘संस्कृतिरक्षक’ म्हणत असेल तर तेही तसेच छापायचे का? अशा ठिकाणी नोंद घ्यायची की नाही हा निर्णय आधी घ्या, लेखी कारणासह. नोंद घेऊन वर्णनात टोमणा मारणे हा मधला मार्ग वाईट आहे.

वर्णन लिहिताना विशेषणे टाळा. नियमावली पहिल्या दिवशीच प्रसिद्ध करा आणि बदलली तर जुनी प्रतही तिथेच ठेवा. कोणत्या नोंदीचा वर्ग कधी आणि का बदलला याची नोंदवही वाचकांना दिसू द्या. आपल्या संस्थेचे, नातेवाइकांचे किंवा पक्षाचे संकेतस्थळ आले तर ते दुसऱ्या संपादकाकडे द्या. संपादक एकाच शहरातले आणि एकाच वर्तुळातले नकोत. पुण्यातल्या चार मित्रांनी मिळून केलेल्या सूचीत गडचिरोली, सावंतवाडी, बेळगाव आणि बडोद्याची मराठी कुठे पडेल, हे सूची बाहेर येण्याआधी त्या त्या ठिकाणच्या कुणाला तरी दाखवून घ्या.